फोनमधली उदगीर डाळ

प्रिय अक्का, तू गेल्याची बातमी मला तुझ्याच नंबरावरून कळली.

दुपारी सासूबाईंना पेज भरवली, तोंड पुसलं, कूस बदलून दिली आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. भूमितीचं एक उत्तर तुझ्याकडून यायचं होतं. ‘उदगीर डाळ’ या नावावर बोट ठेवलं, तर स्टेटसला एका बाईचा फोटो, फोटोला हार, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि तुझं नाव. तुझ्या मुलानं टाकलं असणार. इतक्या दिवसांत मी तुझा चेहरा कधी बघितलाच नव्हता. तुझ्या फोनला कायम दुकानाच्या पाटीचा फोटो. त्यामुळे खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की बरं, अशी दिसतेस होय तू! रुंद कपाळ, त्यावर विभूतीचे पट्टे, आणि फोटो काढणाऱ्याला ‘आटप की रे’ म्हणत असल्यासारखा चेहरा. हार आधीच दिसला होता. कळला मात्र नंतर.

मग मी संध्याकाळच्या भाकरी थापायला बसले. घरात रडायला कारण लागतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. कोण वारलं म्हणून सांगू? माहेरचं नाही, सासरचं नाही, शेजारपाजारचंही नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “भाकर जाड झाली गं आज.” त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण भाकरीची पारख शाबूत आहे.

आणि पुढची तऱ्हा ऐक. दुकान बंद करून हे आले, पाय धुतले आणि मलाच म्हणाले, “अगं, ती उदगीरची डाळवाली गेली म्हणं. तिच्या पोराचा माझ्या फोनवर फोन आलता. रातीतून झालं सगळं, दवाखान्यात बी नेता आलं न्हाई. लई चांगली बाई. वजनात कधी फरक केला न्हाई तिनं.”

मी ‘हो का’ म्हणाले आणि ताट वाढलं. तुझ्यासाठी हळहळायची मोकळीक त्यांना होती, मला नव्हती. जेवता जेवता ते पुन्हा एकदा म्हणाले, चांगली बाई होती. मला वाटलं, म्हणा अजून एकदा. तेवढाच तुझा विषय आमच्या घरात निघतोय.

हे सगळं ज्या बनवाबनवीवर उभं होतं ती तुझीच, हे विसरू नकोस. दहावीला बसते म्हटल्यावर यांनी नाही म्हटलं नव्हतं. ते वाईट नाहीत, तुला माहीत आहे. फक्त त्यांच्या ‘हो’ला चारी बाजूंनी कुंपण असतं. शीक, पण घरात बसून. शिकवणी नाही. मैत्रिणींचं येणं-जाणं नाही, आईला त्रास होतो. वेगळा फोन नाही, दुकानाचा आहे तोच वापर, ऑर्डरी त्याच्यावर येतात त्या लिहून ठेव आणि संध्याकाळी फोन माझ्या हातात. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म भरायलासुद्धा मी यांच्या गाडीवर मागे बसून गेले आणि मागे बसूनच परत आले. त्याच वर्षी थोरल्या दिरांचा मुलगा लातूरला शिकवणीला ठेवला. त्याची खोली बघायला अख्खं घर गेलं होतं. मी मुखेडात सासूबाईंजवळ थांबले.

तर मी एकटी आणि फोनमधला गणिताचा सर. सर चांगला होता गं, शिकवायचा मन लावून. पण प्रत्येक उदाहरणानंतर विचारायचा, “समजलं का?” आणि माझं उत्तर न ऐकताच पुढे जायचा. मी ‘नाही’ म्हणायचे. मोठ्यानं म्हणायचे. पाठीमागे नेऊन पुन्हा लावायचे, तो पुन्हा तेच सांगायचा, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं. एकदा चिडून व्हिडिओखाली लिहिलं, ‘सर मला समजले नाही, कृपया वेगळ्या प्रकारे सांगा.’ सरांचं काही आलं नाही. तुझं आलं. ‘सर सांगत नाहीत, आम्ही सांगतो. तूरडाळ घाऊक भावात मिळेल, उदगीर’ आणि खाली नंबर. मी दचकून इकडेतिकडे बघितलं आणि मग एकटीच हसत बसले. किती दिवसांनी हसले असेन कोण जाणे. गणिताच्या व्हिडिओखाली डाळीची जाहिरात! तुझ्या दुकानाचा नंबर, तो जगाला माहीत असलेलाच. कुणी बघितला तर म्हणेल, डाळवाली बाई आहे, कुठंही शिरते.

मी पहिल्या दिवशी तुम्ही-तुम्ही करायला लागले, तर तू मला तिथंच अडवलंस. “अहो-जाहो गिऱ्हाइकाला. मला अक्का म्हण अन् तूच म्हण. तुझं नाव सांगू नगंस. गाव सांग.” मुखेड म्हणाले. तेव्हापासून मी मुखेडवाली.

तुझ्याकडे अशा किती जणी होत्या ते तू कधी सांगितलं नाहीस. मला ठाऊक होत्या त्या दोघी. एक लातूरवाली, जिच्या घरी शिकवणीची पोरं भाड्यानं राहतात आणि खोली सोडताना वह्या, छापील नोट्स, प्रश्नपत्रिका तशाच टाकून जातात. ती ते सगळं रद्दीत न घालता फोटो काढून तुला धाडायची. दुसरी विष्णुपुरीवाली, पोरींच्या होस्टेलच्या मेसमध्ये भाकरी करणारी. अवघड उदाहरण असलं की ती कागद घेऊन पंगतीत जायची आणि इंजिनीअरिंगच्या एखाद्या पोरीला म्हणायची, हे सोडवलंस तर गरम भाकरी, नाही तर गार. उत्तर कायम बरोबर यायचं.

आणि तुझा तो कायदा. विचारायचं एक, सांगायचं एक. ज्या आठवड्यात प्रश्न टाकला, त्याच आठवड्यात कुणाला तरी काहीतरी शिकवायचं. मी म्हणाले, मला काय येतंय शिकवायला? तू म्हणालीस, “दिवसभर काय करून राहिलीस ते सांग.” मी सांगितलं, सासूबाईंना एकटीनं कुशीवर कसं वळवते. चादर दुमडून पाठीखाली कशी सरकवायची, आपला गुडघा गादीवर कसा टेकवायचा, ओढायचं चादरीला आणि माणसाला नाही. तू ते तुझ्या आवाजात पुन्हा बोलून सगळ्यांना पाठवलंस. महिन्याभरानं तुझा निरोप, “लातूरवाली म्हनते, तिच्या वडलांच्या पाठीची जखम भरून आली. मुखेडवालीला सांगा म्हनली.” अक्का, त्या दिवशी मी सासूबाईंची वेणी घालताना गुणगुणत होते. त्या म्हणाल्या, काय झालं गं तुला. जे काम मला घरात डांबून ठेवत होतं, तेच कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं. हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही, आज सांगते.

तू मास्तरीण नव्हतीस. स्वतः पोरं मोठी झाल्यावर सतरा नंबरनं दहावी झालेली आणि आता बारावीचा अभ्यास करणारी. म्हणायचीस, “मी शहाणी न्हाई गं, एक बाक पुढं हाय यवढंच.” पण भूमिती शिकवावी तर तू. माझ्या डोक्यात स्पर्शिका काही केल्या शिरत नव्हती. तू विचारलंस, हातात बांगडी हाय का? काढ. फरशीवर उभी धर. कितीक जागी टेकली? एका. झालं, फरशी म्हंजी स्पर्शिका. आता टेकल्या जागेपासनं बांगडीच्या मधोमध काडी लाव. ताठ उभी ऱ्हाती का वाकडी? ताठ. “मग काटकोन झाला का न्हाई? साकु. आता जा, भाकरी टाक.” साकु म्हणजे पुरे, हे तुझ्या सीमेवरच्या कानडीतलं मला तेव्हा कळलं. आजही चहात साखर घालताना तोंडून साकु जातं. परवा सासूबाईंनी विचारलं, हे काय नवीन?

मला दहावी कशाला पाहिजे, हे तू एकदाही विचारलं नाहीस. बाकी सगळे विचारतात. नोकरी लागणार आहे का, या वयात, पोरगी पाचवीला गेली आता. मी स्वतःच एकदा तुला म्हणाले, अक्का, मला नीट सांगता येत नाही मी हे कशासाठी करते. तू म्हणालीस, “भूक लागली की कशाला लागली म्हनून इचारतेत का?” नववीचा निकाल लागला आणि माझं लग्न झालं. दहावीच्या बाकावर मी बसलेच नाही. मला त्या बाकावर एकदा बसायचं होतं, बस. एवढंच कारण होतं आणि ते एवढुसं असल्यानं सांगायची लाज वाटायची.

आणि तो दिवस आठवतो का, यांनी माझ्यासमोर तुला फोन लावला तो? संध्याकाळी फोन हातात घेऊन खाली-वर करत होते. “हे उदगीर डाळ कोण? आपून तर नांदेडचा माल घेतो.” मी म्हणाले, असंच एकांनी नंबर दिला, भाव विचारून ठेवावा म्हणून. यांनी तिथंच आवाज मोठा करून फोन लावला. तू उचललास आणि एका श्वासात म्हणालीस, “बोला मालक! फटका का साधी?” दोन्ही जातींच्या डाळीचे भाव सांगितलेस, ते घासाघीस करायला लागले तर तू त्यांच्यावर ताण केलीस, शेवटी हेच हसायला लागले. दोन पोती मागवून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला, “तुझ्या नवऱ्याला भाव बराबर दिला बग. पर आता तू दहावी झाली न्हाईस तर मला परवडायचं न्हाई.” तेव्हापासून आमच्या दुकानात डाळ उदगीरची. गावात लोक नाव काढतात त्या डाळीचं.

भांडण मात्र आपलं एकच, आणि ते अर्ध्यात राहिलं.

मी म्हणत होते, अक्का, सगळ्यांचा एक ग्रुप काढ. तू सगळ्यांना निरोप पाठवायचीस एकदमच, पण प्रत्येकीला तो एकटीचा म्हणून पोहोचेल असा. एकीचा नंबर दुसरीला दिसायचा नाही, एकीचा आवाज दुसरीच्या कानावर पडायचा नाही. प्रश्न तुझ्याकडे, उत्तर तुझ्याकडे, सगळं तुझ्या आवाजात. मी म्हणायचे, एक दिवस तुला ताप आला तर आम्ही सगळ्या अडकलो की. तू म्हणायचीस, पूर्वी काढला होता ग्रुप. एकीच्या नवऱ्यानं त्यातले नंबर बघितले, एका नंबराला फोन लावून नको ते बोलला, तिच्या घरी तिला मार बसला, दोघींचे फोन गेले. “फोन गेला म्हंजी पुस्तक गेलं. एकीचं बी पुस्तक जाऊ द्यायची न्हाई मी आता.” मला पटायचं आणि पटायचं नाही. आपण आधीच घरात कोंडलेल्या, त्यात तू आम्हाला एकमेकींपासूनही वेगवेगळ्या डब्यांत ठेवलंस, असं मी एकदा म्हणाले. तुला ते लागलं.

शेवटचा प्रश्न मी विचारला तो स्पर्शिकांचाच. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूपासून दोन स्पर्शिका काढल्या तर त्यांची लांबी सारखी कशी? तू बांगडीवर दोन काड्या लावून बघितल्यास, मग म्हणालीस, “हे माझ्या डोस्क्याच्या वर हाय. विष्णुपुरीला धाडते.” मी म्हणाले, तिचा नंबर दे, मीच विचारते, तुझा फेरा वाचेल. तू म्हणालीस, “आधी दहावी हो. मग काढ तुझा ग्रुप अन् तूच हो त्याची ॲडमिन. तवर गप बस.” मी फुरंगटून नुसतं ‘बरं’ लिहिलं. तुझ्या-माझ्यातला शेवटचा शब्द तो आहे. बरं.

तू गेलीस तेव्हा मी बरोबर होते हे सिद्ध झालं, आणि अशी बरोबर ठरल्याचा मला इतका राग आला की सांगता येत नाही. सगळ्या दोऱ्या तुझ्या एकटीच्या बोटाला बांधलेल्या. लातूरवालीचं नाव मला माहीत नाही, विष्णुपुरीवालीचा आवाज माहीत नाही. लातूर काय लांब आहे? विष्णुपुरी तरी काय? मुखेडच्या स्टँडवरून रोज गाड्या सुटतात, मी घरातून त्यांचे हॉर्न ऐकते. पण जाऊन विचारू कुणाला, भाकरी करणारी बाई कोण? तुझ्या नंबराला घाबरत घाबरत ‘नमस्कार’ लिहिला. तुझ्या मुलाचं उत्तर आलं, ‘आई वारली. डाळीसाठी पप्पांचा नंबर पाठवतो.’ नम्र आहे गं पोरगा. त्याला काय लिहू? ‘वाईट झालं’ लिहिलं, दुकानाकडून.

तुझा आवाजसुद्धा माझ्याजवळ नाही. तुझा प्रत्येक निरोप मी ऐकला की पुसत होते, फोन संध्याकाळी यांच्या हातात जायचा म्हणून. बांगडीचा पुसला, साकु पुसलं, लातूरवालीच्या वडलांच्या पाठीचा पुसला. ठेवले ते फक्त डाळीचे, कारण ते कुणी बघितले तरी चालणार होते. त्यातला एक आहे. “मालक, दुपारच्या गाडीनं दोन पोती सोडल्यात. सोडवून घ्या. येक बी खडा निघाला तर माझं नाव बदला.” मी तो कानाला लावून ऐकते. माझ्या वाट्याला तू एवढीच उरलीस, आणि तेही यांच्याशी बोलताना.

मध्ये हॉल तिकीट आलं. हेच शाळेतून घेऊन आले आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं. मी ते बघितलं आणि मनाशी ठरवलं, बसायचं नाही. सांगायचं, सासूबाईंचं जास्त आहे, या वर्षी राहू द्या. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. भूमितीचं पुस्तक मी डब्यामागे सारून ठेवलं. नापास होऊन घरात तोंड दाखवण्यापेक्षा हे बरं होतं. खरं तर मला परत त्या सराचं ‘समजलं का’ ऐकवत नव्हतं.

मग तुझ्या कार्याचा दिवस आला. गणाराधनेच्या जेवणाला बोलावणं होतं, दुकानाच्या नावानं. हे म्हणाले, व्यवहारातलं माणूस, जायला पाहिजे. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी येऊ?”

“तू कशाला? तुझी काय वळख?”

“तसं नाही. उदगीर बघितलं नाही मी.”

“मयताच्या घरी उदगीर बघायला जातेत का?” म्हणाले, आणि त्यांचं चुकलं कुठं? मी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली, कॉलर दोनदा फिरवली. तुझ्या दारात जाणाऱ्या शर्टाला इस्त्री, एवढंच माझं तुझ्या कार्याला लागलं. ते गेले आणि दिवसभर मी सासूबाईंच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून खोलीत फिरत राहिले. सासूबाई म्हणाल्या, “बस की गं एका जागी.” बसले.

संध्याकाळी परत आल्यावर हे जेवताना सांगायला लागले. मांडव मोठा होता, पूजा सांगायला जंगम दोन आले होते, माणूस बरंच लोटलं होतं. मग म्हणाले, “एक बाई लई येगळी आलती. विष्णुपुरीहून. होस्टेलात भाकरी करते म्हणं. फोटोसमोर उभी राहिली, डोळे पुसले, अन् मग बायांत इचारत सुटली, मुखेडवाली कोण हाय तुमच्यात? मुखेडवाली आली का?”

माझ्या हातात चटणीची वाटी होती. ती मी खाली ठेवली.

“मी म्हणलं, बाई, मी मुखेडचा. काय काम हाय? तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं अन् म्हणली, तुम्ही न्हाई.”

“मग?”

“मग काय. मी इचारलं, डाळीचं काम हाय का? म्हणली, हाव, डाळीचंच हाय. मेससाठी लागत असंल. दिला दुकानाचा नंबर. मोठं गिऱ्हाईक हाय, फोन आला तर नीट बोल.”

अक्का, मला हसू आलं आणि रडू आलं आणि दोन्ही गिळून मी त्यांना भात वाढला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला शोधत गावाबाहेरून आलं होतं, आणि तिला भेटले हे. पण तुझ्या तालमीतली बाई ती. डाळीचंच हाय म्हणाली!

दुसऱ्या दिवशी फोन मी पदराच्या टोकासारखा हातात धरून होते. सकाळ गेली. जेवणं झाली. सासूबाईंचा डोळा लागला तेव्हा नव्या नंबरावरून दोन शब्द आले, ‘डाळीचा भाव?’ मी लिहिलं, ‘फटका का साधी?’ मग आवाज आला, जाड, थोडा घोगरा, मागे भांड्यांचा खणखणाट.

“मुखेडवाली? मैं विष्णुपुरीवाली. रजिया नाव माझं. तुमचा सवाल अक्कानं मला धाडलता. जवाब माझ्याकडं येऊन पडला, पन अक्काला धाडायच्या आधी अक्काच... आता घ्या. पोरीनं सोडवलेलं हाय, गरम भाकरीवर.”

आणि कागदाचा फोटो. कोपऱ्यात पिठाचं बोट उमटलेलं. बाहेरचा बिंदू वर्तुळाच्या मध्याला जोडायचा, दोन त्रिकोण होतात. दोन्ही काटकोन, कर्ण दोघांचा एकच, त्रिज्या सारख्या. म्हणून त्रिकोण सारखे, म्हणून स्पर्शिका सारख्या. एवढंच होतं. मला समजलं. मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं ‘समजलं’ म्हणाले. मग डब्यामागचं पुस्तक काढलं, आणि फोटोमागचं हॉल तिकीट काढून त्यात ठेवलं.

परीक्षेला मी बसते आहे, अक्का. पास होईन असं म्हणत नाही. बसते आहे.

तुझा कायदा रजिया विसरली नाही. लगेच पुढचा निरोप, “आता माझा सवाल. मराठीचा पर्चा हाय मला बी. माझं शिकनं उर्दूत झालं, चार बुकं. मराठीत चिठ्ठी कशी लिवायची? वरती काय लिवायचं, खाली काय? प्रिय का आदरणीय?” मी म्हणाले, नमुना म्हणून एक लिहून पाठवते. दुपारी सासूबाई झोपल्यावर दुकानाच्या कागदावर लिहायला बसले, वर ‘प्रिय’ लिहिलं, आणि पुढे तुझंच नाव आलं. म्हणून हे सगळं. तिला एवढं लांब लागणार नाही, तिला वरचं आणि खालचं पाठवीन.

लातूरवालीचा नंबर रजियाकडेही नाही. ती कुठंतरी तिच्या वडलांना कुशीवर वळवत असेल आणि तुझ्या निरोपाची वाट बघत असेल, किंवा तिनंही तुझा हारातला फोटो बघितला असेल आणि कुणाला सांगावं म्हणून गप्प बसली असेल. आम्ही दोघी आहोत. दोघींना ग्रुप म्हणत नाहीत. तेव्हा तूर्त तुझंच खरं धरू, आणि भांडण माझ्याकडे ठेवून घेते.

रजियाचा नंबर नाव लावून ठेवायचा होता. मनात होतं रजिया लिहावं, तीन अक्षरं तर आहेत. मग लिहिलं, ‘विष्णुपुरी तांदूळ’. काल संध्याकाळी यांनी फोन हातात घेतला, खाली-वर केला आणि थांबले.

“हे विष्णुपुरी तांदूळ कोण? भाव काय म्हणून राहिलेत?”

“कुठला,” मी एका श्वासात म्हणाले, “बासमती का कोलम?”

“कोलम.”

“विचारून सांगते.”

आता रजियाला पत्राचा शेवट सांगायचा राहिलाय. मी तिला सांगणार आहे, खाली सही करताना ते माणूस आपल्याला ज्या नावानं हाक मारत होतं, तेच नाव लिहायचं.

तुझी,
मुखेडवाली